परदेशातली मोठी मुलं दत्तक घेण्याबद्दल: काल चर्चमध्ये बोलता न आलेलं

नगरची_नात | ११ नोव्हेंबर २०२४, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. आमच्यातले, म्हणजे मराठी ख्रिस्ती, कुणी असाल तर सलाम.

काल नोव्हेंबरचा दुसरा रविवार होता. अमेरिकेतल्या बऱ्याच चर्चमध्ये तो 'ऑर्फन संडे' म्हणून पाळतात. दत्तक घेतलेलं एखादं कुटुंब पुढे येऊन साक्ष देतं, मागच्या पडद्यावर मुलांचे फोटो सरकत राहतात आणि शेवटी याकोबाच्या पत्रातलं ते वचन येतंच, अनाथांचा आणि विधवांचा त्यांच्या संकटात समाचार घ्या म्हणणारं. यंदा पाळकांनी आम्हाला विचारलं होतं. दहा मिनिटं बोला, लोकांना उत्तेजन मिळेल असं बोला. नवऱ्याने पाच मिनिटांत आटोपलं. मी शेजारी उभी राहून मान हलवत होते. बोलायचं पुष्कळ होतं, पण त्या माइकवर बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून इथे लिहितेय. लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

मी मूळची नगरची, नवरा जालन्याचा. गेली बावीस वर्षं डॅलसजवळ राहतो. पोटची एक मुलगी. २०१९ च्या मार्चमध्ये आम्ही कोलंबियातून दोन भावंडं दत्तक घेतली, ती तेव्हा बाराची आणि तो आठचा. आता सतरा आणि चौदा. (खालचं सगळं मुलीला वाचून दाखवलंय. तिने दोन ठिकाणी काट मारली, ती दोन वाक्यं इथे नाहीत.)

दत्तक हा शब्द आमच्या घरात जुना. माझी पणजी १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून आणलेल्या मुलींपैकी एक. तेव्हा आठ-नऊ वर्षांची असावी, नक्की वय कुणालाच ठाऊक नाही. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढली, शिवण शिकली, नगरच्या एका मास्तरांशी लग्न झालं. लहानपणापासून ही गोष्ट मी 'देवाने कसं वाचवलं' म्हणून ऐकत आले. आजी मात्र एक जास्तीची गोष्ट सांगायची, तीही स्वयंपाकघरात, हळू आवाजात. पणजी म्हातारपणी झोपेत बोलायची ती मराठीत नाही, कुठल्यातरी वेगळ्याच बोलीत. घरात कुणालाही कळायचं नाही. सकाळी विचारलं की म्हणायची, मला कुठे काय येतं.

आता कोलंबिया. तिथलं सरकारी बालकल्याण खातं मोठ्या मुलांना सुट्टीत काही आठवडे परदेशातल्या कुटुंबांकडे पाठवतं. २०१८ च्या जुलैत चर्चमधल्या एका कुटुंबाने ऐन वेळी नकार दिला आणि ही दोघं आमच्याकडे आली. चार आठवडे. दत्तकाचा विचार तेव्हा खरंच डोक्यात नव्हता. विमानतळावर परत सोडायला गेलो तेव्हा मुलगा रडला, ती रडली नाही. तिने भावाच्या जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढली, त्याचा हात धरला आणि मागे न बघता आत गेली. गाडीत नवरा बराच वेळ गप्प होता. घराच्या वळणावर म्हणाला, कागदपत्रं काय लागतात ते बघ.

कागदपत्रांत सात-आठ महिने गेले. फाइल पुढे सरकली, पत्र आलं, आम्ही तिघं पेरेइरा नावाच्या शहरात पोचलो. कॉफीच्या मळ्यांचा डोंगराळ भाग. (गोव्याची मैत्रीण म्हणाली, हे तर अर्ध्या मडगावचं आडनाव.) भेटीच्या दिवशी त्या खात्याच्या कचेरीत केक आणि फुगे. मुलगा धावत आला. ती खुर्चीवर बसून राहिली आणि मला म्हणाली, "ब्वेनास तार्देस, सेन्योरा." नमस्कार, बाई.

निकाल हातात येईपर्यंत पाच आठवडे तिथेच भाड्याच्या घरात राहिलो. रोज संध्याकाळी चौकात जायचं. तिथे बोलिव्हारचा, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यवीराचा, पुतळा आहे, घोड्यावर बसलेला आणि अंगावर एक चिंधी नाही. आमची पोटची, तेरा वर्षांची, लाजेने लाल झाली. ती लाल झालेली बघून ही पहिल्यांदा हसली, पोट धरून. मला वाटलं, झालं, जमलं आपलं. कसलं काय.

डॅलसला आल्यावर दोन महिने दोघं शहाण्यासारखी वागली आणि मग सगळं सुटलं. मुलगा पोळ्या चोरायचा. रोज वाढत होतो, हवं तेवढं देत होतो, तरी दप्तराच्या आतल्या कप्प्यात पोळ्या. एकदा बुरशी आलेल्या निघाल्या आणि मी ओरडले. ओरडायला नको होतं. फोर्ट वर्थच्या टेक्सास ख्रिश्चन युनिव्हर्सिटीत डॉ. कॅरिन पर्विस आणि डॉ. डेव्हिड क्रॉस यांनी अशा मुलांसाठी एक पद्धत बसवली, तिच्या वर्गाला आम्ही जात होतो. तिथल्या बाईंनी सांगितलं, त्याच्या पलंगापाशी खाऊची टोपली ठेवा, कधीही रिकामी होऊ देऊ नका आणि त्याबद्दल एक शब्द बोलू नका. वर्षभर टोपली भरत होते. एक दिवस बघितलं तर चिक्की आठवडाभर तशीच पडून. मी न्हाणीघरात जाऊन रडले.

मुलगी चोरत नव्हती, आदळआपट करत नव्हती. ती फक्त 'सी, सेन्योरा' म्हणायची. हो बाई, नाही बाई. त्यांच्या भागात घरातल्या घरातही एकमेकांना आदरार्थी बोलतात, भाऊ बहिणीलाही. तरी मला ते लागायचं. आपल्याकडच्या अहो-जाहोसारखं नव्हतं ते, बँकेतल्या अहो-जाहोसारखं होतं. मग एक दिवस भारतीय दुकानात कोल्हापुरी गुळाची ढेप बघून ती थबकली. पुड्यावरून नाक घासलं आणि म्हणाली, "पानेला!" कोलंबियात उसाचा गूळ असतो, चौकोनी वड्यांचा, त्याला पानेला म्हणतात. त्या रात्री तिने पाणी उकळून त्यात गूळ विरघळवला, लिंबू पिळलं, पाच कपांत ओतलं आणि सगळ्यांना आणून दिलं. आमच्या घरात तिने आपणहून केलेली ती पहिली गोष्ट.

आता मुद्दा. २०१९ च्या नोव्हेंबरात आम्ही अशीच एक साक्ष दिली होती. तेव्हा मी बोलले होते, खूप छान बोलले होते. "देवाने ही मुलं आमच्यासाठी राखून ठेवली होती" हे वाक्य माझं. लोकांनी डोळे पुसले. ती पहिल्या रांगेत होती, इंग्रजी तोवर बऱ्यापैकी कळायला लागलं होतं. घरी येताना गाडीत मागून आवाज आला, अर्धा स्पॅनिश, अर्धा इंग्रजी:

"म्हणजे माझ्या आईचं बिघडावं असं देवाने मुद्दाम केलं? तुमच्यासाठी?"

तिची आई जिवंत आहे. 'अनाथ' हा शब्द आम्ही सगळे किती सैल वापरतो ते मला त्या सिग्नलवर कळलं. उत्तर मला आलं नाही. नवरा म्हणाला, नाही, देव असं करत नाही, तुझी आई चुकीचं बोलली. 'तुझी आई' म्हणजे मी. तिने ते ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

तर या धाग्याचा उद्देश उत्तेजन देण्याचाच आहे, गैरसमज नको. घर असेल, धीर असेल, तर मोठ्या मुलांचा विचार करा. बाळांसाठी रांगा लागतात. कोलंबियात दहा वर्षांवरचं मूल, तीन किंवा जास्त भावंडं, अपंगत्व असलेली मुलं, यांना घर मिळणं अवघड म्हणून वेगळ्या यादीत घालतात. अमेरिकेत आणायचं तर अर्ज मूल सोळाचं व्हायच्या आत करावा लागतो, सख्खं भावंड बरोबर असेल तर अठराच्या आत. म्हणजे चौदा वर्षांच्या मुलाकडे वेळ जवळपास उरलेलाच नसतो. पण त्याला वाचवायला जाऊ नका. तो आपली आई, आपली भाषा, आपला गूळ घेऊन येणार आहे, त्याला जागा करायला जा. पडदा आणि फोटो मागे असताना हे मला सांगता येत नाही.

विचारा काय विचारायचं ते. सांगता येईल तेवढं सांगते.

---

चहाबाज | ११ नोव्हेंबर, १०:१५

वाचताना चहा गार झाला. पणजीचं झोपेत बोलणं डोक्यातून जात नाहीये.

स्वरा_के | ११ नोव्हेंबर, १०:३२

वाचनखूण साठवली. एक भाबडा प्रश्न: आता काय हाक मारते तुम्हाला?

बे_एरिया_बंड्या | ११ नोव्हेंबर, ११:०५

आम्ही दोघं दोन वर्षं हाच विचार करतोय, त्यामुळे थेट व्यवहाराचे प्रश्न. १) आम्ही ग्रीन कार्डवर आहोत, चालतं का? २) खर्च? ३) मुलाच्या नागरिकत्वाचं काय?

नगरची_नात | ११ नोव्हेंबर, १२:२०

@बंड्या: १) नाही. हेग करारातल्या (परदेशी दत्तकाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) देशातून आणायचं तर अर्ज करणारा अमेरिकन नागरिकच लागतो. जोडीदार कायदेशीर स्टेटसवर असला तरी पुरतो, पण एकजण नागरिक हवाच. आम्ही दोघंही तोवर झालो होतो. २) एजन्सी, होम स्टडी (घरी येऊन होणारी कुटुंबाची तपासणी), भाषांतरं, पाच जणांची तिकिटं, तिथलं भाडं, सगळं धरून आमचे चाळीस हजार डॉलरच्या आसपास गेले. केंद्राची करसवलत असते, २०२४ साली ती मुलामागे जास्तीत जास्त १६,८१० डॉलर होती. आपण भरत असलेल्या करातून ती वजा होते. ३) निकाल तिथेच लागतो, त्यामुळे योग्य व्हिसावर अठराच्या आतलं मूल इथे उतरलं की नागरिक. तरीही सर्टिफिकेट आणि पासपोर्ट दोन्ही लगेच करून लॉकरमध्ये ठेवा. कंटाळा करू नका.

होम स्टडीला घाबरतात लोक. आमच्याकडे आलेल्या बाईंनी फ्रीज उघडला नाही की कपाटं उपसली नाहीत. औषधं कुलपात आहेत का ते बघितलं आणि मग दोन तास फक्त आमच्या लहानपणाबद्दल विचारत बसल्या. तुम्हाला मारायचे का, रागावलं की घरात काय व्हायचं. नवऱ्याने वडिलांच्या पट्ट्याची गोष्ट त्या दिवशी सांगितली. मलाही ती पहिल्यांदाच कळली.

खडूस_काका | ११ नोव्हेंबर, १४:४८

धागा प्रामाणिक आहे, तेव्हा विरोधही प्रामाणिकपणे नोंदवतो.

या चळवळीचं मूळच बघा. १९५५ साली ओरेगॉनमधल्या हॅरी आणि बर्था होल्ट या श्रद्धाळू शेतकरी जोडप्याने कोरियातली आठ मुलं दत्तक घेतली. त्यासाठी अमेरिकन काँग्रेसने खास कायदा केला. माणसं भली असतील. पण त्यांनी पाडलेल्या वाटेवरून पुढे काय काय गेलं? २०१० मध्ये हैतीच्या भूकंपानंतर दहा अमेरिकन मिशनरी ३३ मुलांना घेऊन डॉमिनिकन सीमेकडे निघाले होते, पकडले गेले. त्या मुलांपैकी बऱ्याच जणांचे आईबाप धडधडीत जिवंत होते. त्याच वर्षी टेनेसीतल्या एका बाईने दत्तक घेतलेल्या सात वर्षांच्या मुलाला हातात चिठ्ठी देऊन एकट्याला मॉस्कोच्या विमानात बसवलं. २०१३ मध्ये रॉयटर्सने शोधून काढलं की नकोशी झालेली परदेशी दत्तक मुलं इंटरनेटवरच्या गटांतून परक्या लोकांच्या हवाली केली जात होती. रशियाने अमेरिकनांना २०१३ पासून बंदी घातली (त्यात राजकारण जास्त होतं, मान्य). इथिओपियाने २०१८ मध्ये बंद केलं. आता सप्टेंबरात चीननेही जाहीर केलं, रक्ताच्या नात्यातलं किंवा सावत्र मूल सोडून बाकी बंद.

ज्यांना आणलं त्यांचीही कथा ऐका. फेब्रुवारी २००१ मध्ये अठराच्या आत वय असलेल्या दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व मिळालं. त्या दिवशी ज्यांची अठरा पूर्ण झाली होती ते लटकले. लहानपणी कोरियातून आणलेली माणसं चाळिशीत हद्दपार झाली आहेत.

आणि शेवटचा, गावठी प्रश्न. चाळीस हजार डॉलर. त्या मुलांच्या आईला किंवा आजीला त्यातले पाच हजार दिले असते तर?

जय_हो | ११ नोव्हेंबर, १५:१०

सरळ सांगा ना, धर्मांतराचा कार्यक्रम आहे.

संपादक मंडळ | ११ नोव्हेंबर, १५:५५

या प्रतिसादाखालचे नऊ प्रतिसाद उडवले आहेत. धर्मांतरावर वाद घालायला वेगळा धागा आधीच जळतोय, तिकडे जा.

नगरची_नात | ११ नोव्हेंबर, २१:३०

@जय_हो: उत्तर देते, कारण प्रश्न अगदीच फालतू नाही. मुलं कोलंबियाची, जन्माने कॅथलिक. आम्ही प्रोटेस्टंट. जेवणाआधी ती क्रूसाची खूण करते, आमच्यात करत नाहीत. पहिल्या वर्षी सासूबाईंना ते खटकायचं. आता महिन्यातून दोन रविवार मी तिला स्पॅनिश मिस्साला सोडते आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहते. धर्मांतर करायला निघालेल्या बाईचा हा कार्यक्रम फारच फसलेला म्हणायचा.

@काका: तुमच्या यादीतलं एकही नाकारत नाही. शेवटचा प्रश्न मला रात्री पडतो. आमच्यापर्यंत फाइल आली तेव्हा तिकडच्या अधिकाऱ्यांनी आईचे हक्क काढून घेऊन तीन वर्षं झाली होती. त्या तीन वर्षांत आजीला विचारलं होतं, तिने नाही म्हटलं होतं. का म्हटलं ते मुलीने काट मारलेल्या वाक्यांत आहे. पैशाने ते बदललं असतं का? कदाचित. पहिला पैसा तिथे जायला हवा होता, हे अगदी खरं. गेल्या वर्षीपासून आमच्या चर्चने या रविवारच्या अर्पणातला निम्मा भाग मुलं घरातच राहावीत म्हणून काम करणाऱ्यांना द्यायला सुरुवात केली आहे. कमिटीत त्यावरून तीन मीटिंगा भांडण झालं. "मग दत्तकाला उत्तेजन कसं मिळणार?" असं एकजण म्हणाले.

पण काका, तीन वर्षं झाल्यावर, सगळ्यांनी नाही म्हटल्यावर, ती दोघं कुठे जाणार होती? तिथे तुमचा प्रश्न संपतो आणि माझा सुरू होतो.

@स्वरा: कामापुरती 'आई'. रागावली की 'सेन्योरा'.

बे_एरिया_बंड्या | ११ नोव्हेंबर, २२:१४

काकांच्या मुद्द्याला जोड. इथल्या परराष्ट्र खात्याच्या आकड्यांत २००४ साली परदेशातून दत्तक आलेली मुलं तेवीस हजारांच्या घरात होती. २०२३ च्या आर्थिक वर्षात १,२७५. बाळं जवळजवळ थांबलीच. आता जी येतात त्यात मोठी, भावंडांसकट किंवा आजारी मुलंच जास्त.

वसईवाला | १२ नोव्हेंबर, ०७:२०

थोडं अवांतर, पण आमच्या समाजाचं आहे म्हणून लिहितो.

भारतात ख्रिस्ती माणसाला दत्तक घेण्याचा कायदाच नव्हता, हे कितीजणांना माहीत आहे? १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरता. आम्हाला, मुसलमानांना, पारशांना १८९० चा 'गार्डियन्स अँड वॉर्ड्स' कायदा, म्हणजे मूल सज्ञान होईपर्यंत तुम्ही पालक, बाप नव्हे. माझी बहीण १९८६ मध्ये घरी आली, पाच वर्षांची होती. शाळेच्या दाखल्यावर पप्पांच्या नावापुढे 'पालक' लिहिलेलं. अठराव्या वाढदिवशी तिने केक कापला आणि विचारलं, पप्पा, आजपासून मी कोण? पप्पांनी तोवर मृत्युपत्र करून ठेवलं होतं, कारण त्याशिवाय तिला घरात वाटा नव्हता. मुंबई हायकोर्टाने पुढे डिसोझा दांपत्याच्या खटल्यात ख्रिस्ती जोडप्यालाही दत्तक घेता येतं असा निकाल दिला, मग बाल न्याय कायदा आला, २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शबनम हाश्मी खटल्यात कुठल्याही धर्माच्या माणसाला त्या कायद्याखाली दत्तक घेता येईल हे पक्कं केलं. आमच्या बहिणीला ते सगळं उशिराच.

म्हणून धागाकर्तीने 'लॉकरमध्ये ठेवा' लिहिलंय ते मनावर घ्या. प्रेम असतंच हो, पण दाखल्यावर काय लिहिलंय ते मूल रोज वाचत असतं.

चहाबाज | १२ नोव्हेंबर, ०७:४१

'पप्पा, आजपासून मी कोण?' अरे बाप रे.

अदिती_जोशी_ठाणे | १२ नोव्हेंबर, ११:०२

राग मानू नका, पण आपल्या देशात एवढी मुलं असताना कोलंबिया कशाला? पणजी केडगावची, मग तुम्हीच केडगावला जायला हवं होतं ना?

कार्यकर्ती_पुणे | १२ नोव्हेंबर, १३:३५

पंधरा वर्षं दत्तक क्षेत्रात काम करते, त्यामुळे राहवत नाही.

अदितीताई, आपल्या देशात मोठ्या मुलांना घर मिळत नाही ते परदेशी लोक कोलंबियाला जातात म्हणून नव्हे. आपणच मागत नाही म्हणून. माझ्यासमोर बसणाऱ्या दहातल्या नऊ जोडप्यांना दोन वर्षांच्या आतलं मूल हवं असतं, जमलं तर गोरं. त्यासाठी तीन-तीन वर्षं थांबतील, पण आठ वर्षांच्या मुलीची फाइल पुढे केली की म्हणतात, "हिला सगळं आठवत असेल ना?" आठवणारच. आठवतं म्हणून तर ती पहिल्या दिवशी तुमच्या बाथरूमची कडी लागते का ते तपासते.

माहितीसाठी: अनिवासी भारतीयांना 'कारा'च्या (दत्तकाचं काम बघणारी केंद्र सरकारची संस्था) पोर्टलवर इथल्या लोकांइतकाच हक्क आहे. जोडप्याच्या वयाची बेरीज दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी ८५ च्या आत लागते, आठ ते अठराच्या मुलासाठी ११० चालते. म्हणजे पन्नाशीतल्या जोडप्यांनाही मोठं मूल मिळू शकतं. सप्टेंबर २०२२ पासून आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आणि पाच वर्षांवरच्या मुलाची स्वतःची संमती लागते, हे फार चांगलं आहे. एका मुलाने माझ्यासमोर जोडप्याला नकार दिलाय. कारण काय, तर 'काका सारखे घड्याळ बघतात.' मला त्याचा अभिमान वाटला.

नगरची_नात, एक सांगते. पहिल्या दोन महिन्यांचा शहाणपणा संपल्यावर मूल परत करायला आलेले लोकही मी बघितलेत. तुमच्या लिहिण्यात 'ओरडायला नको होतं' हे वाक्य आहे. ते जे लिहितात त्यांची मुलं परत येत नाहीत.

नगरची_नात | १२ नोव्हेंबर, २०:१०

@अदिती: राग कसला. पणजीच्या नावाने केडगावलाच जायचं, असं मीही लग्नाच्या आधीपासून बोलायचे. पण जुलैत ही दोघं चार आठवडे आमच्या घरात राहून गेली. त्याच्या दुधाच्या दाताचा तुकडा आमच्या सोफ्यात सापडला. मग देश निवडायचा प्रश्नच उरला नाही.

@कार्यकर्ती: शेवटच्या वाक्यासाठी आभार, पण तसं असेलच असं नाही. आमच्याच चर्चमधल्या एका जोडप्याने पूर्व युरोपातून तेरा वर्षांचा मुलगा आणला होता. ओरडले तर कधीच नाहीत, फार मायेची माणसं. दीड वर्षाने तो दुसऱ्या कुटुंबाकडे गेला. घरात लहान बाळ होतं आणि धोका होता, एवढंच सांगते. त्यानंतर ती दोघं रविवारी यायची बंद झाली. ज्या मंडळीने टाळ्या वाजवून त्यांना विमानतळावर पाठवलं होतं, त्यातलं कुणी त्यांच्या घरी डबा घेऊन गेलं नाही. मीही गेले नाही. घाबरले होते, की उद्या आपलं असं झालं तर. रविवारी त्यांना व्यासपीठावर बोलवायला हवं होतं, पण कोण बोलावणार?

डॉ_हळद | १२ नोव्हेंबर, २३:०५

बालरोगतज्ज्ञ आहे, थोडक्यात. रुमानियातल्या अनाथालयांतल्या १३६ मुलांवर २००० सालापासून बुखारेस्टमध्ये अभ्यास झाला. त्यातली निम्मी कुटुंबांत ठेवली. जी साधारण दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेली त्यांचं जास्त भरून निघालं. याचा अर्थ मोठ्या मुलांना उपयोग नाही असा लावतात, तो चुकीचा. अर्थ इतकाच की दहा वर्षांच्या मुलाकडून 'एका वर्षात सगळं नॉर्मल' ही अपेक्षा ठेवू नका. आणखी एक, कागदावरच्या जन्मतारखेवर डोळे झाकून विश्वास नको. दात आणि हाडं वेगळंच सांगतात कधीकधी. शाळेचा वर्ग ठरवताना याने फरक पडतो.

अनामिका७ | १३ नोव्हेंबर, ००:४९

इथे आठ वर्षं नुसती वाचतेय, पहिलाच प्रतिसाद.

मला सात वर्षांची असताना दत्तक घेतलं. नाशिक. घर चांगलं होतं, आहे. पण पहिल्याच दिवशी नाव बदललं. बारशासारखा कार्यक्रम, पेढे, नवा फ्रॉक. नव्या नावाने हाक मारली की मी वळून बघायचे नाही. शाळेत बाईंना वाटलं मला कमी ऐकू येतं. आई मला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्या खोलीत हेडफोन लावून आवाज आला की बोट वर करायचं होतं. प्रत्येक आवाजाला बोट वर केलं. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. आईला काय झालं होतं ते कळलं तिथेच. रिक्षात तिने मला जुन्या नावाने हाक मारली, एकदाच, हळूच. मी वळले. आम्ही दोघी घरी येईपर्यंत काही बोललो नाही.

आता मी छत्तीसची आहे. अजून घरात सगळे नवंच नाव वापरतात, आई मात्र ताप आला की जुनं.

तुम्ही मुलांची नावं बदललीत का?

खडूस_काका | १३ नोव्हेंबर, ०८:१२

@अनामिका७: धाग्यावर वाद घालायला आलो होतो, तुमचा प्रतिसाद वाचून आज सुट्टी घेतो.

नगरची_नात | १३ नोव्हेंबर, २१:५५

@अनामिका७: हा प्रतिसाद मी दोनदा वाचला, मग नवऱ्याला वाचून दाखवला.

नावं बदलली नाहीत. त्यात आमचं शहाणपण काही नाही, तिने बदलू दिलं नसतं. आडनाव आमचं लागलं. पण कोलंबियात दोन आडनावं लावतात, आधी बापाचं, मग आईचं. ती शाळेच्या वह्यांवर अजून तीन आडनावं लिहिते, आमचं आणि तिची जुनी दोन. पहिल्या वर्षी मला ते टोचायचं. शिक्षिकेचा फोन यायचा की वहीवर लेबलात मावत नाही. आता मी मोठी लेबलं आणते.

आणि एक बातमी, तिच्या परवानगीने. मुलांना मोठेपणी आपली मूळ माणसं शोधायची असतील तर तिथलं खातं त्यासाठी मदत करतं. जानेवारीत ती अठराची होते. अर्ज तिने आत्ताच भरून ठेवलाय, पाठवायची तारीख कॅलेंडरवर लाल पेनने. अर्जात 'शोधण्याचं कारण' असा रकाना आहे. तिथे तिने काय लिहिलंय ते मला दाखवलं नाही, मीही विचारलं नाही. भाऊ म्हणतो मला नाही शोधायचं, पण अर्ज भरताना तिच्या खुर्चीच्या मागे उभा राहून वाचत होता.

स्वरा_के | १४ नोव्हेंबर, ०९:३०

वाचतेय सगळं. घशात काहीतरी अडकलंय. विषय बदलते: ते गुळाचं पाणी कसं करतात? आमच्याकडे सर्दी आहे सगळ्यांना.

बे_एरिया_बंड्या | १४ नोव्हेंबर, १०:०२

आमच्यासाठी अपडेट: काल रात्री बायकोने हा अख्खा धागा वाचला. सिटिझनशिपचा अर्ज आधी, असं ठरलं. त्यानंतर बघू. आणि तिने विचारलंय, ते दीड वर्षाने थांबलेलं जोडपं आमच्याशी बोलेल का?

नगरची_नात | १४ नोव्हेंबर, १९:१८

@बंड्या: विचारते त्यांना. शनिवारी जाणार आहे त्यांच्याकडे. पाच वर्षं उशीर झालाय, डबा नेतेय.

@स्वरा: कृती तिने सांगितली तशी. चार कप पाणी, अर्ध्या मुठीएवढा गूळ, दालचिनीचा तुकडा. गूळ पूर्ण विरघळेपर्यंत उकळायचं, मग गॅस बंद करून लिंबू. आधी पिळलं तर कडवट होतं म्हणे. तिकडे त्यात चीजचे तुकडे टाकून खातात, मऊ झाले की चमच्याने काढून. आम्ही पनीर टाकून बघितलं. तिच्या मते ते चालत नाही, भावाच्या मते चालतं, दोघांचं यावरून आत्ताच भांडण सुरू झालंय, जाते.